जीपला गेट उघडं, चालणाऱ्याला बंद

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपला आहे, अठरा वर्षं झाली. दिवसभर लेथ, ग्राइंडर, शेजारच्या फौंड्रीचा ब्लोअर, त्यात कुणीतरी कास्टिंग आपटत असतंय, त्यामुळं घरी आलो तरी कानात एक बारीक शिट्टी वाजत राहते. बायको म्हणते टीव्हीचा आवाज कमी करा, आणि मला वाटतंय टीव्ही लावलाच नाही अजून. हे एवढं रामायण अशासाठी, की मी जंगलात जातो, समुद्रावर जातो, ते वाघ बघायला नाही. दिसला तर दिसला, सोडतोय होय. पण मी जातो ते कान धुवायला, आणि कान धुवायचे तर चालायला पाहिजे, गाडीत बसून ते होत नाही. तर गेली काही वर्षं मला एकच गोष्ट टोचायला लागली आहे: आपल्या बाजूच्या जंगलात पैसे भरून, इंजिन घरघरवत, आरडाओरडा करत आत जाता येतं, पण गप्प आपल्या पायानं चालत जाता येत नाही. नियम कुणासाठी केलाय आणि सोसतंय कोण, काही कळत नाही.

बेळगाववाल्याचं एक नशीब आहे, त्याची आपल्याला किंमत नाही. खानापूर सोडलं, लोंढा, रामनगर, जोयडा करत अंशीचा घाट उतरला, कद्रा ओलांडलं की कारवार. सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस दुपारी बांगड्याच्या ताटावर बसतो. म्हणजे एकाच दिवसात भाताची शेतं, मग दाट रान, मग नॅशनल पार्क, मग खाडी, मग दर्या. काळी नदी पण हेच करते, डिग्गीच्या बाजूला सुरू होते, १८४ किलोमीटर वाहत येते आणि सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते, अख्खी नदी एकाच जिल्ह्यात. लोक शांत समुद्र आणि शांत जंगल एकत्र बघायला कुठं कुठं विमानानं जातात आणि आपल्याकडं ते बसच्या तिकिटात मिळतंय. फक्त बसमधनं उतरल्यावर पुढं काय करायचं, इथं घोडं पेंड खातंय.

मागच्या थंडीत मी आणि शॉपमधला एक मित्र, दोघं स्कूटीवरनं निघालो. गेट कुठलं ते सांगत नाही, गार्ड बिचारा चांगला होता, त्याची नोकरी कशाला घालवू. त्याला विचारलं, चालत जायचं आहे, आतल्या वाडीपर्यंत, दोन तासांत परत. तो म्हणाला, "नडदू होगंगिल्ला सार, जीप ऐती." चालत जायचं नाही, जीप आहे. मी म्हटलं जीप नको वो, पाय आहेत की. तर त्यानं मराठीत सुरू केलं, "अस्वल हाय आत, तुमचं तंगडं तोडलं तर वर मी काय सांगू?" आता हे काही खोटं नाही. खानापूर तालुक्यात अस्वलानं फोडलेली माणसं मी दवाखान्यात बघितलीत, चेहरा बघवत नाही. म्हणून वाद घातला नाही, जीपचे पैसे भरले.

जीपमध्ये आम्ही दोघं आणि अजून सहा जण. गावाचं नाव सांगत नाही, आपलेच होते. एकाच्या मांडीवर ब्लूटूथ स्पीकर. ड्रायव्हरनं आधी बंद करायला सांगितला, मग अर्ध्या किलोमीटरवर कुणीतरी परत बारीक आवाजात लावला, मग तो बारीक आवाज मोठा झाला, ड्रायव्हर काही बोलला नाही, त्याला पण टीप पाहिजे असणार. एका वळणावर दोन गवे उभे होते, मोठा जो होता त्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे, आणि तो रवंथ करत होता. मी एवढंच बघितलं, कारण पुढच्याच क्षणी "गवा गवा गवा" म्हणून बोंब झाली आणि ड्रायव्हरनं जीप अजून पुढं घातली. गव्यानं एक फुसकारा टाकला आणि झाडीत घुसला. दीड तासात आम्ही दोन गवे, एक मोर आणि चार दुसऱ्या जीपा बघितल्या. डिझेलचा वास शर्टाला घेऊन बाहेर आलो. माझ्या कानातली शिट्टी होती तशीच.

आता दुसऱ्या दिवशीचं सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. मुक्कामाला होतो तिथल्या घरचा म्हातारा, कुणबी, सत्तरीच्या पुढचा, म्हणाला गेटच्या आत नको, माझ्या शेताच्या कडेनं चला. पहाटे सहाला निघालो. कापलेल्या भाताचे सड, त्यावर दव, आणि म्हातारा पुढं अनवाणी. बोलायचं नाही एवढंच त्यानं सांगितलं होतं. शेत संपतंय तिथं एक मोठं नांद्रुकाचं झाड होतं, फळांनी लगडलेलं, त्याखाली थांबलो. थोड्या वेळानं डोक्यावरनं एक आवाज गेला आणि मी खरंच दचकलो, कारण तो आवाज मला ओळखीचा होता: कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह सोडल्यावर हवा सुटते ना, फुस्स फुस्स करून, तसाच. वर बघितलं तर महाधनेश, एक नाही तीन, पंख मारतायत त्याचा तो आवाज. त्यातला एक फांदीवर बसला, चोचीच्या टोकात एक फळ धरलं, मान मागं टाकून ते हवेत उडवलं आणि बरोबर घशात झेललं. परत एक. परत एक. शेंगदाणे उडवून खाणारं पोरगं असतंय तसं. आम्ही वीस मिनिटं तिथं उभे होतो आणि त्या वीस मिनिटांत म्हाताऱ्यानं एकदा फक्त बोट दाखवलं, दुसऱ्या झाडावर शेकरू होतं.

पुढं वाटेत एक वारूळ फोडलेलं होतं. माती ओली, ताजी. म्हातारा खाली बसला, नखांच्या रेघा दाखवल्या, मग एक काळा राठ केस उचलून माझ्या हातावर ठेवला, आणि उठून जरा वारा कुठनं येतोय ते बघितलं. मग म्हणाला, चला मागं. बस. अस्वल होतं का गेलं होतं माहीत नाही, आम्ही परतलो. गार्ड ज्या अस्वलाच्या भीतीनं मला जीपमध्ये बसवत होता, त्याच अस्वलाशी हा माणूस सत्तर वर्षं शेजारधर्म पाळून राहिलाय, आणि त्याच्याबरोबर चालण्यात मला जीपपेक्षा जास्त सुरक्षित वाटलं. मी त्याला काही पैसे देऊ केले तर घेईना, शेवटी नातवाच्या हातात कोंबले. आणि इथं मला पहिल्यांदा वाटलं की हा हिशोब चुकतोय. जीपचे पैसे भरले त्याची पावती आहे, आणि ज्यानं खरं जंगल दाखवलं त्याला पैसे द्यायची सोयच नाही.

लोकांना वाटतं चालायला कायद्यानंच बंदी आहे. तसं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम २८ आहे, त्यात परवानगी कशाकशासाठी देता येते ते लिहिलंय: अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन, आत राहणाऱ्या माणसांशी कामधंदा, आणि पर्यटन. अभयारण्याचं हे कलम नॅशनल पार्कला पण लागू आहे. पर्यटन म्हणजे चार चाकं असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. म्हणजे चालायला बंदी हा कायदा नाही, सोय आहे. जीप मोजता येते, जीपला नंबर असतो, जीप वेळेवर आत जाते आणि वेळेवर बाहेर येते, साहेबाला डोक्याला ताप नाही. चालणारा माणूस म्हणजे कटकट. मी ते समजू शकतो, आमच्या शॉपमध्ये पण जे मोजता येतं तेच रिपोर्टात जातं.

आणि वाट जुनी का गेट जुनं, हे पण बघूया. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अंशीचं नॅशनल पार्क १९८७ चं, २००७ ला दोन्ही मिळून टायगर रिझर्व्ह झालं आणि २०१५ ला त्याला काळी हे नाव दिलं. याच रानातल्या उळवीची जत्रा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. लिंगायत संत चन्नबसवेश्वरांच्या जत्रेला माघात धारवाड, बेळगाव बाजूचे शेतकरी बैलगाड्या सजवून, घुंगरं वाजवत, मुक्काम करत याच रानातनं जातात, अजून जातात. आपल्यात बघा, सौंदत्तीला यल्लम्माला लोक गाड्या जुंपून जायचे, पंढरीला तर चालतच जायचं असतं, बसनं गेलेल्याला आमची आजी वारकरी म्हणायचीच नाही. म्हणजे चालत जाणं ही काही फॉरेनची फॅशन आम्ही मागायलो नाही, ट्रेकिंग हे नाव तेवढं नवीन आहे. आणि आतली माणसं तर चालूनच जगली. सुप्याचं धरण झालं तेव्हा सुपा गावच पाण्यात गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, वाटा बुडाल्या, लोकांनी नव्या पाडल्या.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी लबाड ठरेन.

चालणारे सगळे माझ्यासारखे कान धुवायला येत नाहीत. २०२३ च्या जुलैत दूधसागरला काय झालं ते सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं, रुळांवरनं चालत गेलेल्या गर्दीला रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. २०२४ च्या जानेवारीत सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला कर्नाटकातल्याच कुमार पर्वतावर एवढी माणसं चढली की सरकारला काही काळ ट्रेकिंगच थांबवावं लागलं. आणि मी कुठल्या तोंडानं बोलू, कॉलेजला असताना मी स्वतः कॅसलरॉकला उतरून रुळांवरनं दूधसागरला चालत गेलोय, अकरा जणांचा घोळका, प्रत्येक बोगद्यात शिरलं की शिट्ट्या आणि किंकाळ्या, कारण आवाज घुमतो म्हणून मजा. एका ठिकाणी मी काचेची रिकामी बाटली दरीत फेकली. ती खाली जाऊन फुटेपर्यंत बराच वेळ गेला, मग टिच्च करून बारीक आवाज आला आणि आम्ही सगळे हसलो. ती काच अजून तिथंच असणार, काच कुजत नाही. म्हणून चालणारा म्हणजे सज्जन असं मला अजिबात म्हणायचं नाही. घोळका झाला की माणूस जीपपेक्षा वाईट.

पण बघा, कुमार पर्वतानंतर सरकारनं केलं काय? वाट कायमची बंद नाही केली. ऑनलाइन बुकिंग आणलं, अरण्य विहार नावाची वेबसाइट काढली, एका वाटेवर दिवसाला किती माणसं ते ठरवलं. म्हणजे मोजायची यंत्रणा आली. मग जिथं मोजायला येत नव्हतं म्हणून चालणं बंद होतं, तिथं ते आता उघडायला काय हरकत आहे? दिवसाला चार-चारच्या दोन तुकड्या, एवढं तर सहज मोजता येतंय.

अजून एक आक्षेप आहे आणि तो जास्त वजनदार आहे, माझ्या ओळखीचा एक पक्षीवाला हाच मुद्दा काढतो. तो म्हणतो, जनावराला जीपची सवय होते, पायी माणूस दिसला की ते जास्त घाबरतं, जास्त लांब पळतं. खरं आहे. गवा जीपसमोर रवंथ करतो, माणूस दिसला की पन्नास पावलांवरनं निघून जातो. पण मला विचाराल तर रानातल्या जनावरानं माणसाला बिचकणंच बरं. त्याची भीड मोडली तर ते उद्या वाडीतल्या बाईसमोर पण हलणार नाही, आणि तिथं ड्रायव्हर नसतो. आणि आपण पन्नास पावलं लांब राहिलो, आपल्याला फोटो चांगला आला नाही, तर कुणाचं काय बिघडलं? सफारीच्या गाड्यांचा राग तर आता गावागावांत दिसायला लागलाय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्हैसूरकडच्या बंडीपूर आणि नागरहोळे जंगलांच्या बाजूला वाघानं माणसं मारली, शेतकरी चिडले, तेव्हा सरकारनं तिथली सफारी थांबवली. गाड्यांच्या त्रासानं वाघ बाहेर येतात असं तिथले शेतकरी म्हणत होते. त्यात किती तथ्य आहे त्यावर भांडण चालू दे, पण जंगलाशेजारी राहणाऱ्याला जीप ही आपल्या पोटावरची गोष्ट वाटत नाही, पाहुण्यांची चैन वाटते, एवढं तर त्यातनं कळतंच की.

२०१२ ला सुप्रीम कोर्टात हाच टायगर रिझर्व्हमधल्या पर्यटनाचा विषय गेला होता. आधी कोअर, म्हणजे रिझर्व्हच्या आतल्या गाभ्याच्या भागातलं पर्यटन थांबवलं, मग केंद्राची नियमावली आली आणि त्यात ठरलं की कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन करायचं. मला ही मर्यादा पटते, ती वाढवा म्हणून मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं त्या २० टक्क्यांपुरतंच आहे. ते आज चाकांना दिलेत. त्यातले काही पायांना द्या.

हे कुठं केलंय का, तर केलंय. केरळात पेरियारला टायगर रिझर्व्हच्या आत लोक चालत जातात, रात्रीचा मुक्काम करतात, आणि त्यांना नेणारे वाटाडे कोण, तर आधी चोरून दालचिनीसारख्या झाडाची साल काढणारे, शिकार करणारे. १९९० च्या दशकात फॉरेस्टनं त्यांना पकडून जेलात घालत बसण्यापेक्षा वाटाडे केलं. ज्याला जंगल चोरून माहीत होतं त्याच्या डोक्यातली ती माहितीच पगारावर घेतली. मध्य प्रदेशात सातपुड्याच्या टायगर रिझर्व्हमध्ये पण वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं. म्हणजे वाघ आहेत म्हणून चालायचं नाही हे काही देशभर नाही.

आणि आता आमच्या खानापूरकडं या. भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, १९० चौरस किलोमीटर. बारापेडेच्या गुहेत रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडतं. आतल्या गावांची नावं घेतो, कारण बेळगावात बसून जंगलावर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती ऐकलेली नसतात: गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, कृष्णापूर, तळेवाडी. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावर उचलून आणायला लागतंय, रस्ता मागितला की अभयारण्य आहे म्हणतात, आणि बाहेर पडा, पैसे देऊ असं पण सांगायलेत. ज्याला बाहेर पडायचंय त्यानं पडावं, शाळा-दवाखाना सोडून तिथं राहा असं शहरातनं सांगायचा मला काय हक्क आहे. पण ज्याला राहायचंय त्याला जंगलातनं मिळतंय काय? २०२० च्या जानेवारीत पलीकडं गोव्यात म्हादईच्या जंगलात, गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ विष घालून मेले. गुरं मारली त्याचा राग. मी त्याचं समर्थन करत नाही, उगाच अंगावर येऊ नका. पण वाघ राहिला तर आपल्या घरात दोन पैसे येतात असं ज्याला कधी दिसलंच नाही, त्याला आपण पोस्टर चिकटवून प्रेम शिकवतोय. तोच माणूस महिन्यातनं दहा सकाळी चार लोकांना घेऊन चालला आणि त्याची पावती झाली, तर तो आपणहून ते रान राखेल असं मला वाटतं. शंभर टक्के नाही, पण जीपच्या मालकापेक्षा नक्की जास्त.

पाट्यांचं पण बोलायला पाहिजे. चालायचं नाही, थांबायचं नाही, उतरायचं नाही, सगळ्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. जोयड्याच्या कुणब्याला आणि खानापूरच्या मराठी माणसाला त्याच्याच रानात काय करायचं नाही हे त्याच्या भाषेत सांगायची कुणाला गरज वाटलेली नाही. जाऊ दे, तो विषय काढला तर लेख तिकडंच वाहत जाईल.

मला समुद्राचं सांगायचंय. माझी मावशी माजाळीला दिलेली, कारवारच्या पुढं, गोव्याच्या हद्दीला लागून. तिच्याकडं गेलो की मी तिळमातीला जातो. माजाळीच्या किनाऱ्यावरनं टेकाड चढायचं, काजूच्या आणि करवंदीच्या झाडीतनं, खाली उतरलं की तिळमाती. गाडी जात नाही. नाव बरोबर ठेवलंय लोकांनी, वाळू खरंच तिळासारखी, काळी, दाणा दाणा वेगळा. ओल्या पायाला चिकटली की भाजलेले तीळ शिंपडल्यासारखी दिसते. गाडी जात नाही म्हणूनच ती अजून अशी आहे, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. त्या दिवशी ओहोटी होती. मी बसलो, आणि बसल्यावर पाच मिनिटांनी वाळू हलायला लागली. नखाएवढी कुर्ल्यांची पोरं, प्रत्येकाचं आपलं एक भोक, भोकातनं बाहेर यायचं, वाळू तोंडात घालायची, त्यातलं काय खायचं ते खायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकायची. भोकाभोवती गोळ्यांच्या रांगा, उन्हाच्या किरणांसारख्या, आमच्या दारात दिवाळीला ठिपक्यांची रांगोळी काढतात तशा. मी पाय हलवला, सगळी आत. पाय स्थिर ठेवला, एक एक करून बाहेर. पुढं पाण्यात डॉल्फिनच्या दोन पाठी वर आल्या, गेल्या. समुद्रगरुड टेकाडावर घिरट्या घालत होता. तासाभरानं उठलो तेव्हा लक्षात आलं की लाटेचा आवाज ऐकू येतोय आणि मधली शिट्टी नाही. होती असणार, पण मला ऐकू येत नव्हती.

त्याच्या उलट जिथं गाडी पोचते तो किनारा बघा. वाळूत फोर-बाय-फोर घालायची, गोल गोल फिरवायची, रील काढायचं. याच वाळूत थंडीनंतरच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, दीड-दोन महिने ती वाळूच्या उबेवर. वरनं टायर गेला की खालचं काय होत असेल ते सांगायला नको. पिल्लं बाहेर पडली की ती समुद्राच्या उजेडाकडं जातात, मागं हॉटेलची लाइट असली की चुकून तिकडं. कारवारच्या बाजूला फॉरेस्टवाले आणि रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरनं जाळं ओढणारे मच्छीमार, मिळून घरट्यांना कुंपण घालतात, रात्री राखण करतात, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्यांना सलाम आहे. आणि त्याच फॉरेस्टनं कारवारात काळीच्या खाडीत कांदळवनातनं चालायला लाकडी पूल बांधलाय, लोक त्याच्यावरनं गप्प चालतात, खालच्या चिखलात खेकडे बघतात, पोरं पण ओरडत नाहीत, का कुणास ठाऊक, लाकडावरनं चालताना आपोआप आवाज बारीक होतो. म्हणजे चालणाऱ्यासाठी करायचं म्हटलं तर यांना करता येतं. घाटाखाली जमतं ते घाटावर का जमत नाही एवढंच माझं विचारणं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली तुम्ही शहरातली माणसं पैसे देऊन चालता, आम्ही फुकट चालतो म्हणून आम्हाला त्याचं काही नाही. टोमणा होता, पण बरोबर होता. म्हणून सांगतो, चालायचे पैसे घ्या, जीपएवढे घ्या, माझी तक्रार नाही. फक्त त्यातला मोठा वाटा वाटाड्याच्या हातात जाऊ दे आणि तो वाटाडा आतल्या गावचाच असू दे. पावसाळ्यात बंद ठेवा, धनेश घरट्यात असताना ढोलीच्या झाडाकडची वाट बंद ठेवा, मादी तिथं स्वतःला लिंपून घेऊन आत बसलेली असते, तिच्या दारात गर्दी नको. स्पीकर दिसला की गेटवरच जप्त, माणूस परत, पैसे परत नाहीत. किनाऱ्यावर कासवाच्या दिवसांत गाडी वाळूत उतरली की दंड असा, की पुढच्या वेळी त्याला टायर बघितला तरी आठवावं. आणि मला पण लावा हे सगळे नियम, मी बाटली टाकलेला माणूस आहे.

तर मी मनावर घेऊन मागच्या महिन्यात एका ऑफिसात अर्ज द्यायला गेलो. कन्नडमध्ये लिहून शॉपमधल्या मित्रानं दिला होता, दोन माणसं, एक स्थानिक वाटाडा, पायी, सकाळी सहा ते दहा, वाट कुठली ते नकाशा काढून. क्लार्कनं वाचला, वाईट वागला नाही, चहा घेता का विचारलं. मग एक छापील फॉर्म काढून दिला, यावर भरा म्हणाला. भरत भरत खाली आलो तर रकाना होता वाहन क्रमांक. मी म्हटलं वाहन नाही. तो म्हणाला रिकामं ठेवलं तर कॉम्प्युटर घेत नाही. आम्ही दोघंही थोडा वेळ त्या रकान्याकडं बघत बसलो. शेवटी मी स्कूटीचा नंबर घातला. ती जोयड्याच्या स्टँडला लावणार आहे.